सैल तार, जड सूर : खालच्या ट्यूनिंगसाठी इलेक्ट्रिक गिटार निवडताना

नेहमीच्या सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत जाड तार ई या स्वरात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ कंपनांवर लावलेली असते. खुंटी उलटी फिरवून हीच तार पाच अर्धस्वर खाली, बी या स्वरापर्यंत उतरवली की कंपने ६२ वर येतात, सूर मिळतो आणि ट्यूनरही हिरवा दिवा दाखवतो. पण पिकने जोरात आघात केला की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर, खडखडते, सूर पहिल्या क्षणी चढा लागतो आणि मग घसरत घसरत जागेवर येतो, आणि अँपचे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणे, सुरू असेल तर ज्या जड रिफसाठी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीसाठी) हा सारा खटाटोप केला तिचे एकेक अक्षर ऐकू येण्याऐवजी नुसता घरघराट कानांवर पडतो.

गिटार निवडताना डोळे आधी आकारावर, रंगावर आणि पिकअपच्या (तारेच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबकी भागाच्या) नावावर जातात, आणि त्यात गैर काही नाही. जे वाद्य पाहून हात शिवशिवत नाहीत ते कोपऱ्यात पडून राहते. तथापि खालच्या सुरांतील जड वादनासाठी गिटार घ्यायची असेल, तर पहिला प्रश्न असा विचारावा : मला ज्या स्वरापर्यंत उतरायचे आहे, त्या स्वरावर तारेतला ताण टिकवून धरण्याची सोय या वाद्यात किती आहे? पिकअप, लाकूड, जोडणीची पद्धत या गोष्टी त्यानंतर येतात, आणि त्यांतल्या काही तर बऱ्याच नंतर येतात.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : तारेची कंप पावणारी लांबी, तिचे दर इंचाचे वजन आणि तिच्यातील ताण. या लांबीला गिटारच्या भाषेत स्केल लेंथ म्हणतात; नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट केली की ती मिळते. वजन म्हणजे व्यवहारात तारेची जाडी, अर्थात गेज, आणि ती इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ‘दहा-शेहेचाळीस’चा संच म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंच आणि सर्वांत जाड ०.०४६ इंच. आता तार तीच आणि लांबीही तीच ठेवून सूर उतरवला, तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. एक अर्धस्वर उतरवला की सुमारे ११ टक्के ताण जातो, दोन उतरवले की २१ टक्के, चार उतरवून सी वर आलो की ३७ टक्के आणि पाच उतरवून बी वर आलो की ४४ टक्के. ०.०४६ ची तार २५.५ इंच स्केलच्या गिटारवर ई मध्ये साधारण ८ किलो वजनाइतका ताण धरते. तीच बी वर साडेचार किलोच्या आसपास येते.

सूर डळमळतो तोही याच कारणाने. आघाताने तार बाजूला ओढली जाते तेव्हा ती किंचित ताणली जाते आणि तेवढ्यापुरता तिच्यातील ताण वाढतो. मुळातच घट्ट असलेल्या तारेवर ही भर कानाला कळत नाही, सैल तारेवर मात्र तीच भर मूळ ताणाच्या मानाने मोठी ठरते आणि सूर चढतो. शिवाय सैल तार अधिक रुंद झोके घेते, म्हणून फ्रेटवर आपटते. जड वादनात उजव्या हाताचा जोर जास्तच असतो, त्यामुळे दोन्ही दोष नेमके तेथेच उघडे पडतात जेथे ते सर्वांत नकोसे असतात.

उपाय दोन आहेत, तार जाड करणे किंवा लांबी वाढवणे. फेंडरच्या घडणीच्या गिटारींचे स्केल २५.५ इंच, गिब्सनच्या घडणीच्या गिटारींचे सुमारे २४.७५ इंच, आणि बॅरिटोन म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारींचे साधारण २७ ते ३० इंच असते. ताण लांबीच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २५.५ वरून २७ इंचांवर गेलो की तो १२ टक्के वाढतो. आणि एका अर्धस्वराच्या उतरणीने गेलेला ताण भरून काढायलाही १२ टक्केच लागतात. हा योगायोग नाही : २७ इंची गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की पुढे उरते ती बरोबर २५.५ इंची गिटारच होय. म्हणजे दीड इंचाच्या वाढीने आपल्याला केवळ एक अर्धस्वर मिळतो. लांब मानेच्या गिटारींचे जे कौतुक चालते ते ऐकून अनेकांची अशी समजूत होते की २७ इंची गिटार घेतली म्हणजे बी चा प्रश्न मिटला. तो मिटत नाही. ई वरून बी पर्यंतच्या पाच अर्धस्वरांपैकी एक लांबी देते, उरलेले चार तारेच्या जाडीनेच भरून काढावे लागतात. जुना ८ किलोचा ताण तसाच हवा असेल तर २७ इंचांवर ०.०५८ च्या आसपास, २५.५ इंचांवर ०.०६१ च्या आसपास आणि २४.७५ इंचांवर ०.०६३ च्या आसपास तार लागते. थोडी सैल तार चालत असेल तर प्रत्येक ठिकाणी दोन-चार हजारांश कमी धरावेत.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल की मग लांबीचा आग्रह कशाला, सरळ जाड तार चढवावी. थोड्या उतरणीसाठी हे म्हणणे बरोबर आहे. पण जाड तारेचा एक दोष ताणाच्या हिशेबात दिसत नाही : ती ताठ असते. आदर्श तार सगळीकडून सारखी लवचीक असते आणि तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांवर पडतात. ताठ तार मात्र थोडी लोखंडी सळईसारखी वागू लागते आणि तिचे वरचे उपस्वर या हिशेबापेक्षा चढे लागतात. साध्या स्वच्छ आवाजात हे चालून जाते. डिस्टॉर्शन मात्र या उपस्वरांनाच वर उचलते, आणि ते एकमेकांशी जुळत नसल्यामुळे पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि पंचम यांची जोडी, गढूळ वाटते. लांब स्केलवर त्याच सुरासाठी तुलनेने बारीक तार पुरते, म्हणून उपस्वर अधिक जुळून येतात आणि आवाजाला पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी धार येते. लांब मानेचा खरा फायदा हा आहे.

येथे थोडे मागे जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण या साऱ्या प्रकाराची सुरुवात नेमक्या उलट गरजेतून झाली. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून गेली. ते डावखुरे असल्यामुळे हाच हात तारा दाबणारा होता. बोटांवर टोप्या बसवून वाजवताना तारा जितक्या सैल तितके सोपे, म्हणून त्यांनी बारीक तारा घेतल्या, आणि १९७१ पर्यंत ते लहान स्केलच्या गिब्सन एसजीवर सूर तीन अर्धस्वर खाली उतरवून वाजवू लागले. ज्या सैलपणाशी आजचा गिटारवादक झगडतो, तो सैलपणा त्यांना हवाच होता, आणि त्या डुलणाऱ्या, रुंद आवाजातूनच पुढे संथ डूम मेटलची सारी परंपरा उभी राहिली.

म्हणूनच गिटार निवडण्याआधी आपण काय वाजवतो हे प्रामाणिकपणे ठरवावे लागते. संथ, लांबवलेल्या कॉर्ड, जाड फझ (दाट, फाटलेला आवाज) आणि तारेची ओढाताण हे वादन असेल, तर २४.७५ इंची गिटार आणि किंचित सैल तार हा दोष राहत नाही. सी पर्यंत उतरवलेली गिब्सन लेस पॉलच्या घडणीची गिटार असा आवाज देते जो लांब मानेची गिटार देऊ शकत नाही. उलट तळव्याने तार दाबून वेगाने तुटक ठोके वाजवायचे असतील, ज्यात प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा, तर ताण हवाच. दोन वादकांचे मत या बाबतीत जुळत नसेल तर बहुधा ते दोन वेगळ्या संगीताबद्दल बोलत असतात.

माझ्या अंदाजाने हिशेब असा बसतो. डी पर्यंत, म्हणजे दोन अर्धस्वरांपर्यंत, कोणतीही चांगली सहा तारांची गिटार चालते. दहा-बावन्नचा संच लावला, ज्यात फक्त खालच्या तारा जाड असतात, की काम झाले, आणि यासाठी नवी गिटार घेणाऱ्याला मी थांबवीनच. सी किंवा ड्रॉप सी साठी २५.५ इंच आणि अकरा-छप्पनच्या आसपासचा संच सोयीचा पडतो. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये सहावी तार इतरांपेक्षा आणखी दोन अर्धस्वर खाली असते, म्हणून संच निवडताना सरसकट सगळ्या तारा जाड करू नयेत, सहावीवरच लक्ष द्यावे. बी आणि ड्रॉप ए पासून २६.५ ते २७ इंचांचा उपयोग जाणवू लागतो. ए च्या खाली, विशेषतः एफ शार्पपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४६ कंपनांपर्यंत जायचे असेल तर २७ इंच ही किमान मर्यादा समजावी. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ कंपनांवर असते हे लक्षात घेतले की आपण कोणाच्या अंगणात शिरत आहोत ते कळते.

लांब मानेची किंमत डाव्या हाताला मोजावी लागते, पण ती वाटते तितकी नसते. पहिल्या फ्रेटची रुंदी २५.५ इंचांवर सुमारे ३६ मिलिमीटर आणि २७ इंचांवर सुमारे ३८.५ मिलिमीटर असते. हात आठवडाभरात सरावतो. ३० इंचांवर मात्र हीच रुंदी ४३ मिलिमीटरजवळ जाते, आणि तेथे पहिल्या चार फ्रेटमधील पसरट कॉर्ड लहान हाताला खरोखरच जड जातात.

बी पर्यंत जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि नवख्याची सर्वांत जास्त गल्लत येथे होते. बॅरिटोन गिटारला सहाच तारा असतात, फक्त सगळे वाद्यच खाली सरकलेले असते. म्हणून बोटांच्या सगळ्या ओळखीच्या जागा तशाच राहतात, मात्र वरचे स्वर गमवावे लागतात. सात तारांच्या गिटारमध्ये वरच्या सहा तारा नेहमीच्याच सुरात राहतात आणि खाली बी ची एक तार वाढते. ज्याला एकाच वाद्यावर जड रिफ आणि उंच सोलो दोन्ही हवेत, त्याला सात तारा सोयीच्या. पण मान नटपाशी ४२-४३ ऐवजी ४८ मिलिमीटर रुंद होते आणि न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवण्याचे काम वाढते. आयबानेझने १९९० मध्ये गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठी युनिव्हर्स ही सात तारांची गिटार बाजारात आणली तेव्हा ती वेगवान एकल वादकाचे वाद्य होती. कॉर्न या मेटल बँडच्या दोन्ही गिटारवादकांनी तीच जात आणखी एक स्वर उतरवून ए पर्यंत नेली आणि तिचा उपयोगच बदलून टाकला. आठ तारांची गिटार याच वाटेने आणखी पुढे जाते. ज्याला ती हवी असते त्याला ती का हवी हे नेमके माहीत असते; ज्याला माहीत नसेल त्याने ती घेऊ नये.

लांबीचा फायदा जाड तारांना हवा आणि बारीक तारांना नको, या पेचावर तिरप्या फ्रेटच्या, म्हणजे मल्टिस्केल गिटारींनी उत्तर दिले आहे. त्यात खालची तार, उदाहरणार्थ, २७ इंच आणि वरची २५.५ इंच असते. ही कल्पना नवी वाटली तरी सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये वाजवल्या जाणाऱ्या ओर्फारियन या तंतुवाद्याचे पडदे असेच तिरपे बसवलेले असत. तिरप्या फ्रेटची भीती हात लावताच बरीचशी जाते. कोणत्या फ्रेटवर रेषा सरळ आहे तेवढे मात्र पाहावे, कारण ती जितकी बाराव्या फ्रेटकडे, तितका पहिल्या फ्रेटचा तिरपेपणा जास्त.

ब्रिज, म्हणजे आपल्या तंतुवाद्यांच्या भाषेतली घोडी, हा भाग ताणाशी थेट बांधलेला आहे. तरंगत्या ट्रेमोलोमध्ये, म्हणजे दांडीने हलवता येणाऱ्या ब्रिजमध्ये, ज्यात फ्लॉइड रोझची घडण सर्वांत परिचित आहे, तारांची ओढ एका बाजूला आणि शरीरातील स्प्रिंगांची ओढ दुसऱ्या बाजूला असा तोल असतो. एक तार उतरवली की तो तोल ढळतो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. मी एकदा उत्साहाच्या भरात अशा गिटारवर बारा-साठचा संच चढवून तो नेहमीच्याच सुरात ताणू लागलो आणि चौथ्या तारेपर्यंत ब्रिज पुढे झुकून उभाच राहिला. नंतर संध्याकाळभर स्क्रू आवळत बसलो. एकच ट्यूनिंग कायम ठेवणाऱ्याला हे ब्रिज चालतात. पण गाण्यागणिक ट्यूनिंग बदलणाऱ्याने स्थिर ब्रिज घ्यावा आणि वाद मिटवावा. एव्हरट्यून हा वेगळा प्रकार आहे : त्यात प्रत्येक तारेच्या मागे स्वतंत्र स्प्रिंग असते, जी ताण कायम राखते, म्हणून जोरदार आघातानेही सूर चढत नाही. ध्वनिमुद्रणात दोन-चार पदरी गिटार एकावर एक चढवताना याचा फार उपयोग होतो. मात्र तो बसवायला शरीरात मोठा खड्डा लागतो आणि तार ओढून सूर चढवण्याच्या वादनासाठी त्याची जुळवणी समजून घ्यावी लागते.

पिकअपबद्दल सर्वाधिक बोलले जाते, आणि मला वाटते गरजेपेक्षा जास्त. हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, हवा, हे खरे. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो घडवला तो विजेची गुणगुण घालवण्यासाठी, आणि भरपूर गेन (संकेत वाढवण्याची ताकद) असलेल्या अँपपुढे ती गुणगुण असह्य होते. पण ‘हाय आउटपुट’ या शब्दांना भुलू नये, कारण आजच्या अँपमध्ये गेनचा तुटवडा नसतो. किलोओहमचा आकडाही फसवा आहे. तारेची जाडी आणि चुंबकाची जात बदलली की त्याचा अर्थ बदलतो. खालच्या सुरांसाठी पिकअपचा गुण एवढाच पाहावा की तो खर्ज फुगवत नाही. ईएमजी ८१ सारखा ९ व्होल्ट बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह पिकअप जड वादकांना आवडतो त्याचे एक कारण हा आवळलेला आवाज आहे; घट्ट खर्जाचे पॅसिव्ह पिकअपही तितकेच कामाला येतात.

खर्ज फुगू नये असे का म्हणावे, जड आवाजच तर हवा आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि पंचम एकत्र वाजतात आणि त्यांच्या कंपनांचे गुणोत्तर दोनास तीन असते. डिस्टॉर्शनमधून जाताना दोन स्वरांच्या फरकाइतक्या कंपनांचा तिसरा स्वर तयार होतो, जो मूळ स्वराच्या एक सप्तक खाली पडतो. ई वर तो ४१ कंपनांवर येतो आणि भरदारपणा देतो. ए वर तो २७.५ वर जातो, जेथे कानाला सूर कळत नाही, फक्त अँपची शक्ती खर्ची पडते. गिटारच्या कॅबिनेटमधील स्पीकर तसेही इतके खाली वाजत नाहीत. सेलेशनच्या व्हिंटेज ३० ची पट्टी कंपनीच्याच माहितीप्रमाणे ७० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांपासून, सुरू होते. तरी आपल्याला खालचा सूर ऐकू येतो, कारण उपस्वर स्पष्ट असतील तर कान हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणून अनुभवी वादक डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज कापतात. ट्यूब स्क्रीमर हा हिरवा पेडल गेन शून्यावर आणि लेव्हल पुढे ठेवून वापरला जातो तो याचसाठी. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला तो कमी उठाव देतो. नवा पिकअप विकत घेण्याआधी जुन्याची खालच्या तारांकडची बाजू स्क्रू फिरवून एक-दोन मिलिमीटर उतरवून पाहावी. फुकटात बराच फरक पडतो.

लाकडाबद्दल एवढेच म्हणेन की वजन आणि तोल तपासा. पट्टा लावून उभे राहिल्यावर लांब मान जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात वाजवण्याऐवजी मान सावरण्यातच गुंतेल.

एक-दोन अर्धस्वरांची उतरण अधूनमधूनच लागत असेल तर सूर उतरवणारा डिजिटल पेडलही विचारात घ्यावा. तारांचा ताण नेहमीचाच राहतो आणि काम भागते. चार-पाच अर्धस्वरांवर मात्र आवाज कृत्रिम होऊ लागतो, आणि हलक्या आवाजात वाजवताना तारांचा मूळ सूर हवेतून ऐकू येत असल्यामुळे कान गोंधळतो.

गिटार हातात घेऊन पाहताना अडचण ही असते की तिच्यावर बहुधा बारीक तारा असतात, म्हणून आपल्या ट्यूनिंगचा अंदाज थेट घेता येत नाही. आपल्या गेजची एक सुटी तार सोबत न्यावी आणि परवानगी घेऊन सहाव्या जागी चढवावी. खुंटीच्या भोकात ती जाते का आणि नटच्या खाचेत बसते का, हे लगेच कळते. खाच अरुंद असेल तर ती कानशीने रुंद करता येते, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण खाच प्रमाणाबाहेर खोल गेली की नटच बदलावा लागतो. तार हव्या त्या सुरात लावून जोराने वाजवावी आणि ट्यूनरचा काटा आघाताच्या क्षणी किती उडी मारतो ते पाहावे. मग बाराव्या फ्रेटवर तार दाबून मिळणारा सूर आणि तेथेच नुसता स्पर्श करून मिळणारा हार्मोनिक यांची तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरील सॅडल (तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) मागे सरकवावी लागते, आणि जाड तारेसाठी ती बरीच मागे न्यावी लागते. सॅडल शेवटच्या टोकाला जाऊन टेकली आणि तरीही बारावा फ्रेट चढाच वाजत राहिला, तर गिटार कितीही देखणी असली तरी त्या तारेसाठी आणि त्या सुरासाठी तिच्यात जागा उरलेली नाही.